पट्टी गेली, भोकं राहिली: वेल्डिंग न करता पत्रा कसा बुजवायचा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त 'अं… म्हणजे…' तेवढे काढलेत.)

तळेगाव-चाकण रोडला ट्रॅफिकमध्ये उभे राहून ऐकत असाल तर काळजी नको, आजचा भाग लांब आहे, आरामात संपेल.

विषय मात्र छोटा आहे. अगदी पाच मिलिमीटरचा. जुन्या गाडीच्या दारावर, फेंडरवर चकचकीत पट्टी असते बघा. कुणी तिला बीडिंग म्हणतं, कुणी क्रोमची पट्टी. ती पट्टी क्लिपांवर बसते आणि क्लिपा पत्र्यातल्या भोकांत. वर्षं जातात, पट्टी निघते, हरवते, वाकते. मग राहतात ती भोकं. गाडी रंगवायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो: यांचं काय करायचं?

गॅरेजमध्ये दोनच उत्तरं मिळतात. एक, 'वेल्डिंग मारून टाकू.' दोन, 'लांबी भरतो, संध्याकाळी या.' आज मी या दोन्हींच्या मधल्या रस्त्याबद्दल बोलणार आहे. वेल्डिंग नाही, नुसती लांबीही नाही. आणि हे सगळं घराच्या पार्किंगमध्ये, साध्या हत्यारांनी जमण्यासारखं आहे.

माझ्याबद्दल नवीन लोकांसाठी एका ओळीत सांगतो. मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर पत्र्याचे पार्ट तपासतो, भोकाची जागा, माप, कडा, बर, सगळं. रविवारी जुन्या गाड्या बघतो. त्यामुळे भोक या विषयावर माझ्याकडे बोलायला जरा जास्तच आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या पन्नाशीच्या आसपास आल्यात. प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० डिलाइट काढली, १९७२ मध्ये तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, आठवतंय ना? प्रीमियरचा आपल्या चिंचवडशीही संबंध आहे. पुढे त्यांचं मशीन टूल्सचं काम आणि 'रिओ' ही गाडी इथूनच निघायची.

तर १९७४-७५ ची पद्मिनी आता पन्नास वर्षांची झाली. आणि पन्नास या आकड्याला कायद्यात अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. 'मूळ स्वरूप' हे शब्द लक्षात ठेवा. पाच मिलिमीटरची भोकं बुजवली म्हणून बॉडी बदलली असं कुणी म्हणणार नाही. पण गाडीचं मूळ रूप अशा छोट्या छोट्या गोष्टींनीच जातं. आधी पट्टी जाते, मग तिची जागा जाते, मग ती कुठे होती हे सांगणारंही कुणी उरत नाही.

एक व्हॉइस नोट

हा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. थेरगावचा मुलगा आहे, तेविशीचा, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर शिफ्ट करतो. तो म्हणाला, 'दादा, पप्पांची १९७५ ची पद्मिनी आहे. पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी तेव्हापासून बिल्डिंगखाली उभी आहे. आई म्हणते, दिवाळीपर्यंत चालू कर, नाहीतर भंगारात दे, सोसायटीवाले रोज बोलतात. इंजिन सुरू झालंय. पण दोन्ही बाजूंना मिळून बावीस भोकं आहेत. गॅरेजवाला म्हणतो सगळी वेल्डिंगने बंद करू, आणि आतलं सामान काढायचे पैसे वेगळे. तेवढे माझ्याकडे नाहीत. फक्त लांबी भरली तर चालेल का?'

भावा, तुझा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर 'लांबी नको, पण वेल्डिंगही नको' असं आहे. पण त्याच्याही आधी एक काम आहे. ते सगळ्यांनीच करा.

आधी भोकं वेगळी करा

बावीस भोकं म्हणजे एकच प्रश्न बावीस वेळा, असं नसतं. जुन्या गाडीवर तीन प्रकारची भोकं असतात.

पहिली कंपनीची. ही एका ओळीत असतात, सारख्या मापाची, आणि डाव्या-उजव्या बाजूला आरशात पाहिल्यासारखी जुळतात. ही प्रेसमध्ये पंचाने पाडलेली असतात. पंच आत घुसताना पत्र्याची कड एका बाजूने किंचित गोल दाबली जाते. बोट फिरवलं की कळतं.

दुसरी नंतरची. सत्तर-ऐंशी-नव्वदच्या काळात गाडी घेतली की ॲक्सेसरीच्या दुकानात जायचा रिवाजच होता. जादाची बीडिंग, फेंडरवरचा आरसा, रेडिओची एरियल, मडफ्लॅप. तिथल्या पोऱ्याने हातातल्या ड्रिलने भोकं पाडलेली असतात. अंतर कमी-जास्त, दोन बाजू जुळत नाहीत, आतून बर तसाच. आणि गंज सगळ्यात आधी इथेच लागतो. का? आज आमच्याकडे चाकणला बॉडी तयार झाली की ती आख्खी प्रायमरच्या टाकीत बुडवतात. म्हणजे पाडलेल्या भोकाच्या कडेलाही प्रायमर लागतो. गाडी रंगवून झाल्यावर कुणी ड्रिल मारलं, तर त्या कडेला काहीच लागत नाही. उघडं पोलाद आणि पावसाळा, मध्ये कुणी नाही.

तिसरी पाण्याची. दाराच्या खालच्या कडेला, सिलच्या खाली जी भोकं असतात ती पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच, ते तिथून निघतं. ही भोकं कधीही, कधीही बुजवू नका. उलट तारेने साफ करा. गाडी 'व्यवस्थित' करायच्या नादात लोक ही बंद करतात, आणि दोन पावसाळ्यांत दार खालून कुजतं.

आता मोबाइल काढा. आधी लांबून फोटो, मग जवळून. मग ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर दाराला चिकटवून प्रत्येक भोकाची जागा पेन्सिलीने उतरवा, दाराची कड आणि हँडल यांच्या खुणांसकट. कागदावर 'डावं पुढचं दार' असं लिहा आणि गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. पण उद्या पट्टी मिळाली तर हाच कागद कामाला येईल.

थेरगावच्या भावाला मी हेच करायला सांगितलं. त्याचा फोटो आला. बावीसमधली चौदा कंपनीची निघाली, दोन्ही बाजूंना सात-सात. आठ नंतरची. म्हणजे कायमची बुजवायची आठच. उरलेल्या चौदांचं वेगळं, तिकडे शेवटी येऊ.

वेल्डिंग का नको?

वेल्डिंग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. चांगला हात असेल, पॅनेल मोकळं असेल, तर ते उत्तमच. पण भरलेल्या दारावर ते करताना काय होतं ते बघा.

पत्रा असतो साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड. पोलाद वितळतं साधारण पंधराशे अंशांना. एवढी उष्णता एका ठिपक्यावर आली की तिथला पत्रा फुगतो, थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचा खेचतो. दाराचा मोठा सपाट भाग असेल तर लाट येते, पत्रा 'डबडब' वाजायला लागतो. मग तो सरळ करायला डेंटर, आणि त्याच्यावर लांबी. म्हणजे लांबी टाळायला वेल्डिंग केलं आणि शेवटी हातभर लांबी आली.

दुसरं, मागच्या बाजूचा रंग आणि प्रायमर जळतो. तिथे ब्रश पोहोचत नसेल तर तुम्ही आतून नवीन गंजाची सोय करून ठेवली. तिसरं, आग. दारात जुना फोम, रबर, वायरी, मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही जोखीम घ्यायची नाही.

मग नुसती लांबी का नको?

आपण जिला लांबी म्हणतो ती पॉलिस्टर पुट्टी. तिच्यात बारीक दगडाची भुकटी असते. ती पत्र्यावरचा उथळ खड्डा भरण्यासाठी बनवलेली आहे, आरपार भोकासाठी नाही. ती पाणी शोषते. समोरून तुम्ही तिच्यावर चार थर रंग मारता, पण मागून ती उघडीच असते. दारात शिरलेलं पाणी मागून तिच्यात मुरतं, कड गंजते, आणि एक दिवस रंगावर फोड येतो. पावसाळा संपला की लोक म्हणतात, 'पेंटरने माल हलका वापरला.' माल हलका नसतो हो, पाणी मागून आलेलं असतं.

आजच्या भागातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या: भोक समोरून सपाट दिसणं सोपं आहे, खरं काम ते मागून बंद करण्याचं आहे. आता पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

पद्धत पहिली: मागून चकती, चिकटवून

ही माझी नेहमीची पद्धत. दाराचं आतलं पॅड काढलं की हात जातो, तिथे हीच.

एक. आधी टोचा मारून बघा. दाभण किंवा जुना स्क्रूड्रायव्हर भोकाभोवती दाबा. पत्रा कडक असेल तर पुढे जा. चुरा पडला, दाभण आत गेला, तर थांबा. तो पत्रा संपलाय, तिथे कापून नवा तुकडाच लावावा लागतो. चिकटवून ते झाकू नका. आणि सिल, खांब, सीट बेल्टच्या जागा, चासी यांना ही पद्धत अजिबात नाही. अपघातात जे माणसाला वाचवतं, तिथे चिकटवाचिकटवी नको.

दोन. समोरून आणि मागून, भोकाभोवती दोन-अडीच सेंटिमीटर रंग काढून चमकता पत्रा आणा. पण घासायच्या आधी थिनरने पुसा. वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि तेल असतं, आधी घासलं तर ते ओरखड्यांत भरतं. मग ८० नंबरचा पेपर, मग परत पुसणं. पेट्रोलने पुसू नका, त्याचा तेलकटपणा राहतो आणि आगीची भीती वेगळी. मागच्या कडेचा बर कानशीने काढा.

तीन. कड किंचित आत दाबा. मागे मोठ्या मापाचा बॉक्स पाना किंवा जाड नट धरा, समोर भोकावर बेअरिंगची गोळी ठेवा आणि हातोडीने हलकेच टाका. अर्धा मिलिमीटर पुरे. भोसरीत बेअरिंगच्या दुकानात अशी गोळी सुटी मिळते. यामुळे भोकाभोवती छोटी वाटी तयार होते आणि भरलेल्या मालाला बसायला जागा मिळते. जोरात मारू नका. आजूबाजूचा पत्रा हलायला लागला की थांबायचं.

चार. चकती कापा. रुपयाच्या नाण्याएवढी, अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची. ॲल्युमिनियमची नको. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की गंज वाढतो. चकती दोन्ही बाजूंनी घासा, पुसा.

पाच. चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी. बॉडी शॉपच्या दुकानात पॅनेल बाँडिंगचं मिळतं, ते सगळ्यात चांगलं. नाहीतर धातूची भुकटी असलेलं, रात्रभर वाळणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत वाळणारं घेऊ नका, उष्णता आणि ओलाव्यात ते कमी टिकतं. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, इपॉक्सीने कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पाठ सोडत नाही.

सहा. चकती मागून लावा आणि समोरून, मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवून, जुन्या स्पीकरचा चुंबक लावा. लोखंडी चकती जागेवर घट्ट बसते, शिकंजा नको, काही नको. आणि वाळायच्या आधी काच वर-खाली करून बघा. चकती काचेला लागत असेल तर आत्ताच कळू द्या.

सात. दुसऱ्या दिवशी चुंबक काढा. समोर वाटी दिसेल. तिच्यात तेच इपॉक्सी भरा, किंचित वर राहील इतकं. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, काडीने दाबत भरा.

आठ. मागच्या बाजूला चकतीवर आणि तिच्या कडेवर इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावा. लोक इथे कंटाळतात, कारण हे कुणाला दिसत नाही. पण पाणी इथूनच येतं, म्हणून हे सोडू नका.

रंगावर गोल ठसा का उमटतो?

कधी कधी सगळं नीट करूनही, महिन्या-दोन महिन्यांनी, उन्हात तिरकं बघितलं की भोकाच्या जागी गोल कडी दिसते. हे का होतं ते समजून घ्या.

एक अंश तापमान वाढलं की एक मीटर पोलाद साधारण १२ मायक्रॉन वाढतं. साधं इपॉक्सी वाढतं ५० ते ६० मायक्रॉन. आता गाडी सकाळी २५ अंशांना, दुपारी मे महिन्याच्या उन्हात पत्रा ६५ ला. फरक ४० अंशांचा. पाच मिलिमीटरच्या भोकात पोलाद वाढलं अडीच मायक्रॉनच्या आसपास, आतलं इपॉक्सी दहा-बारा. म्हणजे आठ-दहा मायक्रॉन जास्त. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे हे त्याहून कितीतरी कमी आहे. पण चकचकीत रंगावर डोळ्याला एवढीशी कडही दिसते.

उपाय तीन. धातूची भुकटी असलेलं इपॉक्सी कमी पसरतं, ते वापरा. भोक मोठं असेल तर आत धातूच भरा, इपॉक्सी फक्त चिकटवायला. दहा-बारा मिलिमीटरच्या वर, म्हणजे एरियलचं वगैरे भोक असेल तर त्याच मापाची लोखंडी टिकली कापून मागच्या चकतीवर बसवा. आणि तिसरा, घाई करू नका. माल वाळला म्हणजे पूर्ण पक्का झाला असं नाही. गाडी चार-पाच दिवस उन्हात उभी राहू द्या, मग शेवटचं घासणं. थंडीत चाकणला सकाळी हाताला कापरं भरतं तेव्हा इपॉक्सीलाही वेळ लागतो. आणि रंग भट्टीत सुकवणार असाल तर इपॉक्सीच्या पाकिटावर ते किती तापमान सोसतं ते आधी वाचा.

पद्धत दुसरी: कल्हई

आता हात मागे जातच नसेल तर? दोन थर पत्रा असेल, बंद पेटी असेल, तर?

तुमच्या आजीला विचारा, दारावर कल्हईवाला यायचा का. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील लावून कापसाने फिरवायचा. भांडं आतून चांदीसारखं. जुन्या काळी गाड्यांच्या बॉडीचे जोड जगभर असेच भरत, शिसं आणि कथील मिसळून. पहिली पायरी कल्हईचीच: पत्रा स्वच्छ, फ्लक्स, त्यावर कथिलाचा पातळ थर. मग डाग देतो तसं भरायचं.

भोकात तांब्याची किंवा पितळेची छोटी टिकली बसवायची आणि जाड सोल्डरिंग आयर्नने झाळायची. तीस टक्के कथील, सत्तर टक्के शिसं असं मिश्रण साधारण १८३ अंशांना मऊ पडतं आणि २५० च्या पुढे पूर्ण वितळतं. वेल्डिंगच्या तुलनेत ही उष्णता कितीतरी कमी, पत्रा ताणला जात नाही. आणि हा धातू आहे, पाणी शोषत नाही.

पण तीन अटी. फ्लक्स आम्लयुक्त असतो, काम झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, नाहीतर रंगाखाली तोच पत्रा खातो. शिसं विषारी आहे, पेपरने घासून त्याची धूळ उडवायची नाही, कानशीने काढायचं, मास्क, ग्लोव्ह्ज, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घरी नकोच. बिनशिशाचं सोल्डरही मिळतं, ते घ्या. तिसरी अट क्रमाची: आधी डाग, मग इपॉक्सी. उलटं केलं तर शेजारचं इपॉक्सी उष्णतेने सुटतं.

डाग द्यायचा नसेल तर बंद तोंडाचा लोखंडी रिव्हेट हा पर्याय आहे. कड वाटीसारखी जास्त खोल दाबायची, रिव्हेटला इपॉक्सी लावून मारायचा, डोकं पत्र्याच्या खाली राहिलं पाहिजे. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी येतं, म्हणून बंद तोंडाचाच.

घासणं आणि रंग

कानशीने सपाट करा. हाताने नाही, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून ८०, मग १८०. त्यावर इपॉक्सी प्रायमर. आता, आत्ता लांबी! बघा, मी लांबीच्या विरोधात नाही. तिची जागा इथे आहे: बंद झालेल्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर, पोस्टकार्डाच्या जाडीची. मग १८०, ३२०. मग सरफेसर.

सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा आणि ६०० च्या वॉटर पेपरने घासा. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे लगेच गेलं तिथे उंचवटा. डोळ्यापेक्षा तळहातावर विश्वास ठेवा. पातळ सुती फडकं हाताखाली घेऊन फिरवा, फरक लगेच जाणवतो. आमच्याकडे लाइनवर जुने इन्स्पेक्टर काका असेच ग्लोव्ह घालून पॅनेल तपासतात.

शेवटचा रंग मात्र घरी मारू नका. दोन भागांच्या रंगाचा हार्डनर फुप्फुसाला घातक असतो, साध्या मास्कने थांबत नाही. इथपर्यंतचं काम तुमचं, रंग बूथवाल्याचा. पैसे तरीही बरेच वाचतात.

सराव कुठे करायचा? दारावर नको. भंगारातून जुन्या चेतकचं साइड पॅनेल आणा. १९७२ पासून आकुर्डीने ज्या लाखो चेतक काढल्या, त्यांचा पत्रा शिकायला छान आहे. दहा भोकं पाडा, दहा बुजवा. मग पॅनेल एक आठवडा पाण्याच्या बादलीत अर्धं बुडवून ठेवा, उन्हात वाळवा, बघा काय होतं. एक भोक मुद्दाम नुसत्या लांबीने भरा. माझ्या बोलण्यापेक्षा तुमचा त्या बादलीवर जास्त विश्वास बसेल.

आता ती चौदा

कंपनीच्या भोकांचं काय? माझं मत सांगतो, तुम्हाला पटलं तर बघा. ती बुजवू नका.

कड स्वच्छ करा, ब्रशने भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सी प्रायमर लावा, भोक उघडं ठेवूनच रंग मारून घ्या. मग प्रत्येक भोकात छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा बूच बसवा आणि मागून ब्यूटाइल टेपचा तुकडा दाबा. बूच बॉडीच्या रंगाचा केला तर दहा फुटांवरून दिसत नाही. पाणी अडलं, गंज थांबला, आणि पट्टीची जागा जिवंत राहिली. उद्या पट्टी मिळाली की बूच काढायचा, क्लिप लावायची.

पट्टी मिळेल का? शोधलं तर मिळतं. जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारा, फियाटवाल्यांच्या ग्रुपवर टाका, आणि सगळ्यात आधी घरातला माळा बघा. त्या काळची माणसं गाडीचं काही फेकत नसत. निघालेली पट्टी सरळ करून, वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवायची, 'लागेल कधीतरी' म्हणून. थेरगावच्या भावाने माळा बघितला. एका बाजूच्या तीन पट्ट्या निघाल्या, सुतळीने बांधलेल्या. दुसऱ्या बाजूच्या नाहीत. ठीक आहे. निम्मं काम झालं की.

आणि भावा, आठ भोकांसाठी तुला लागेल एक इपॉक्सीचा संच, थोडा पत्रा, चार नंबरचे पेपर, प्रायमरचा छोटा डबा आणि चार रविवार. काम पावसाळा संपल्यावर काढ. हवा कोरडी हवी, दसऱ्याच्या सुमारास बरोबर होतं. दिवाळीपर्यंत रंग झाला नाही तरी चालेल. आईला प्रायमरमधली, चालणारी गाडी दाखव आणि सांग की कुजणं थांबलंय. 'हे किती दिवस असंच?' याचं उत्तर तारखेसकट दे. आया तारखेवर विश्वास ठेवतात, 'बघू' वर नाही.

थोडक्यात

स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी: भोकं आधी तीन प्रकारांत वेगळी करा. पाण्याची उघडी ठेवा. कंपनीची बूच लावून राखा. नंतरची कायमची बंद करा, मागून धातू लावून. पत्रा चुरा होत असेल तर ही पद्धत नाही. कागदावर जागा उतरवल्याशिवाय एकही भोक बंद करू नका.

तुमच्या गाडीचे फोटो पाठवा, पण भोकाचा समोरून एक आणि मागून एक, दोन्ही हवेत. फक्त समोरचा पाठवलात तर मी मागचाच मागणार आहे. पुढच्या भागात दाराच्या काचेच्या रबरांबद्दल बोलू, कारण दारात पाणी येतं ते तिथूनच.

चला, गिअर टाका, पुढची गाडी सरकली. भेटू!